पिल्लू, कुत्रं आणि पोटातली इंजेक्शनं

परवा शेजारच्या सुनेला कुत्र्यानं पोटरीला धरलं आणि ती रडत रडत माझ्याकडे आली. डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे! कारण सगळ्या कॉलनीला माहीत आहे की कुसुमकाकूंना एकदा कुत्रं चावलं होतं आणि त्या अजून जिवंत आहेत. मी तिला आधी नळाखाली बसवलं. साबण लावला, धारेखाली पाय धरला, धुतला, परत धुतला. ती म्हणते, "काकू, बस झालं." मी म्हटलं, "चूप बस." मग ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. दंडात सुई टोचली, पुढच्या तारखा सांगितल्या, झालं काम. बाहेर येऊन म्हणते, "इतकंच?"

मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. इतकंच म्हणे! घरी येईपर्यंत मी तिला माझं सगळं सांगितलं. तिनंच म्हटलं, हे लिहून काढा, कोणाच्या तरी कामी येईल. तर लिहिते. मधेच उठून गेले तर समजून घ्या. मला एका जागी बसवत नाही आणि त्या दिवसांबद्दल बोलताना तर मुळीच नाही.

दुपार

एकाहत्तरच्या लढाईची ती थंडी. आमचे हे तिकडे हिंदी मुलखात दारूगोळ्याच्या फॅक्टरीत फिटर. लढाई सुरू झाली तसा यांचा ओव्हरटाइम सुरू झाला. सकाळी अंधारात जायचे आणि रात्री अंधारात यायचे. ब्लॅकआउट होता, त्यामुळे घरातही अंधारच. क्वार्टरमध्ये मी, सासूबाई आणि आमची बेबी. बेबी तेव्हा रांगत होती, अंगावर पीत होती.

सासूबाई भंडाऱ्याकडच्या. त्यांनी मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या होत्या. एका कोंबडीनं नुकतीच पिल्लं काढलेली. मी कपडे वाळत घालत होते आणि कोंबडी अशी काही ओरडली की मी वळून पाहिलं तर शेरू! शेरू म्हणजे आमच्या क्वार्टरांच्या लाइनीचं कुत्रं. सगळे त्याला पोळी घालायचे. दोनेक दिवस तो कुठे दिसला नव्हता. आता तो अंगणात उभा आणि तोंडात पिवळं पिल्लू, पाय बाहेर लोंबताहेत.

मी काय केलं असेल? दगड मारावा, बादली फेकावी, ओरडावं. काही नाही. सरळ गेले आणि त्याचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला. पिल्लू सुटलं आणि माझा हात सापडला. अंगठ्याखाली चांगले दोन दात रुतले. शेरू गुरगुरला नाही की भुंकला नाही, नुसता निघून गेला. तेच मला नंतर रात्रंदिवस आठवत राहिलं. चांगलं कुत्रं असं गुपचूप जातं का?

पिल्लाला औषध, मला तिखट

सासूबाई धावत आल्या. माझा हात बघितला आणि स्वयंपाकघरातून तिखट आणि चुना घेऊन आल्या. जखमेत भरलं. मी अशी किंचाळले की तीन क्वार्टर पलीकडे ऐकू गेलं म्हणे. "आगीनं विष मरते," सासूबाई म्हणाल्या. त्या काळी सगळे हेच करायचे, त्यांना मी दोष देत नाही. पण वाचणाऱ्यांनो, असं काही भरू नका. साबण आणि वाहतं पाणी, खूप वेळ, आणि मग लगेच दवाखाना.

गंमत अशी की पिल्लाला माझ्यापेक्षा बरी वागणूक मिळाली. सासूबाईंनी त्याला जुन्या धोतराच्या तुकड्यात धरलं, डोळे झाकले तसं ते शांत झालं. कोमट पाण्यात मीठ टाकून पाठीवरची जखम हलक्या हातानं धुतली. भोवतालची पिसं कात्रीनं कापली, म्हणजे जखमेत चिकटायला नकोत. चोचीच्या कडेला बोटानं पाण्याचा थेंब लावला. चोच उघडून आत ओतायचं नाही, गुदमरतं, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. एवढं सगळं बरोबर केलं आणि मग मी अक्कल चालवली. यांनी फॅक्टरीतून आणलेली लाल औषधाची बाटली कपाटात होती. मी पिल्लाच्या पाठीला ते लाल औषध फासलं आणि दिलं सोडून आईजवळ.

बाप्पा! लाल रंग दिसला तशा सगळ्या कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. कोंबड्या लाल दिसलं की टोचतात, हे मला शहरातल्या मुलीला काय माहीत? सासूबाईंनी ओढून काढेपर्यंत जखम दुप्पट झाली. मग टोपलीत भुसा, त्यावर चिंधी आणि शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. पाठीला हळद आणि वर चिंधीची पट्टी. टोपली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली.

पांडेजींची बहादुरी

आमच्या शेजारी पांडेजी राहायचे, फॅक्टरीत यांच्याच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, कामाला. लढाई सुरू झाल्यावर लाइनीतल्या माणसांनी पहारा लावला होता. पांडेजी त्यांचे मुखिया. गळ्यात शिटी, हातात काठी. कोणाच्या खिडकीतून उजेडाची फट दिसली की शिटी. "बत्ती बुझाओ! बत्ती!" विमान तर आलं नाही, पण या शिटीनं आम्हाला जेरीस आणलं होतं.

त्या संध्याकाळी पांडेजी चार जणांना घेऊन दारात. छाती पुढे काढलेली.

"भाभीजी, अब चिंता मत कीजिए। शेरू का काम तमाम कर दिया। नाले के उस पार गाड़ भी दिया।"

सासूबाईंनी त्यांना चहा दिला. मीसुद्धा, हात बांधलेला, कपबशा घेऊन उभी होते. मला वाटलं, चला, बला टळली. आम्ही सगळ्यांनी मिळून केवढी मोठी घोडचूक केली आहे हे एकालाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, तिखट बघून कपाळाला हात लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुत्ता कहाँ है?"

पांडेजी सोबत होते. यांना सुट्टी नव्हती म्हणून त्यांनीच सायकलच्या कॅरिअरवर मला आणलं होतं. ते ताठ उभे राहून म्हणाले, "मार दिया, साहब!"

 डॉक्टर हळूच म्हणाले, "उसे बाँधकर रखना था। दस दिन में पता चल जाता। अब कैसे पता चलेगा?"

पांडेजींचा चेहरा उतरला. मला तर पुढचं ऐकूच येईना. शेरू पिसाळलेला होता की नव्हता, हे आता जगात कोणालाच कळणार नव्हतं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील, रोज एक, डॉक्टर म्हणाले. त्यानंतरही काही महिने वाट बघायची.

"बच्चे को दूध?" मी विचारलं.

"पिलाइए। उससे कुछ नहीं होता। बस आराम कीजिए, मेहनत मत कीजिए।"

निघता निघता मी पिल्लाचं विचारलं. त्यालाही तेच कुत्रं चावलं आहे, ते पिसाळलं तर मला कळेल का? डॉक्टर वैतागले. पक्ष्यांना हा रोग सहसा होत नाही, पिल्लू जगलं काय, मेलं काय, त्यावरून काही कळत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर, त्याच्या अंगाला कुत्र्याची लाळ आहे, ही पट्टी सुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी तंबी दिली.

मी मान डोलावली. पण डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. एकच कुत्रं, एकच दुपार, दोघांना चावलं. पिल्लू जगलं तर मी जगेन.

रांग

रोज सकाळी सायकल. वाटेत घमापुरच्या बाजारात रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला पोट धरायचं.  ड्यूटी संध्याकाळची मागून घेतली होती पांडेजींनी, माझ्यासाठी.

दवाखान्यात कुत्रं चावलेल्यांची वेगळी रांग असायची. खेड्यातून आलेले म्हातारे, एका फौजीची बायको, एक पोस्टमन. कंपाउंडर विचारायचा, "कल किस तरफ लगा था?" आणि दुसऱ्या बाजूला टोचायचा. बेंबीच्या भोवती गाठी आल्या. साडी कमरेला खोचवेना, सैल परकरावर पदर गुंडाळून जायची. रांगेत जो तो आपलं कुत्रं कसं होतं ते सांगायचा. काहींची कुत्री घरी बांधलेली, जेवतखात होती. त्यांचा मला इतका हेवा वाटायचा! फौजीची बायको म्हणाली, "दीदी, आपका कुत्ता कैसा है?" मी म्हटलं, "मर गया।" ती जरा सरकून बसली. तिचा नवरा सीमेवर होता, तिला स्वतःचीच काळजी कमी नव्हती. पण त्या सरकण्यानं मला रडू आलं.

कोणी तरी म्हणालं, घमापुरला एक बाबा आहे, पाठीला काशाचं ताट चिकटवतो, विष असलं तर ताट चिकटून राहतं. सासूबाईंच्या हट्टानं गेले. ताट पडलं. बाबा म्हणाला, विष नाही. मला एक दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाठीला घाम आला होता, म्हणून तर पडलं नसेल? पुन्हा तीच तगमग.

पाणी

आता अवघड भाग लिहिते.

सासूबाईंनी लहानपणी त्यांच्या गावात पिसाळून मेलेला माणूस बघितला होता. त्याला खोलीत कोंडलं होतं. पाण्याचा तांब्या दाखवला की तो भिंतीला जाऊन आदळायचा. हे त्यांनी मला सांगितलं नाही, यांना सांगितलं, आणि भिंत एवढीशी, मी ऐकलं.

त्या दिवसापासून बेबी त्यांच्याजवळ. "तू आराम कर, डाक्टरनं सांगितलं ना," एवढंच म्हणायच्या. बेबीला बोंडल्यानं गाईचं दूध. ती रडायची, मला ऐकू यायचं, माझं पोलकं ओलं व्हायचं. मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि तिथेच उकिडवी बसून रडायची. डॉक्टर पाजा म्हणाले होते, हे मी हज्जारदा सांगितलं. यांना म्हटलं, तुम्ही बोला तुमच्या आईशी. हे दमून आलेले, हातांना ग्रीस, म्हणाले, "जाऊ दे ना कुसुम, थोड्या दिवसांचा प्रश्न." थोड्या दिवसांचा! तुमच्या पोटात कोणी सुया खुपसून राहिलं का? मी ताट आपटून उठले.

आणि रोज सकाळी, दुपारी, सासूबाई माझ्यासमोर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायच्या आणि समोर उभ्या राहून बघायच्या. मी प्यायले की नाही. कशी प्यायले. घोट घेताना मान कशी गेली. मला तहान लागेनाशी झाली. पाणी बघितलं की नकोसं व्हायचं. मग वाटायचं, हीच ती भीती तर नव्हे? मी लपून मोरीतल्या बादलीतून ओंजळीनं प्यायची, खात्री करायला. दिवसातून किती वेळा, देव जाणे.

एकदा पिताना ठसका लागला. साधा ठसका. पाणी नाकातून आलं. मी खोकत होते आणि सासूबाई मागे सरकत सरकत बेबीला उचलून अंगणात गेल्या. दार बाहेरून ओढून घेतलं. कडी लावली नाही, पण कडीवर हात होता, मला फटीतून त्यांच्या बांगड्या दिसत होत्या. मी आतून ओरडले, "ठसका लागला हो, आई! नुसता ठसका!" दार उघडायला त्यांना वेळ लागला. मी त्यांना त्या दिवशी शिव्या दिल्या. मोठ्यानं. त्यांनी ऐकून घेतल्या.

टोपली

या सगळ्यात मी जिवंत होते ती टोपलीकडे बघून. हात लावायचा नव्हता, पण कोपऱ्यात जाऊन दहादा डोकवायची. पिल्लू मान टाकून पडलेलं. कण्या भिजवून सासूबाई त्याच्यापुढे ठेवायच्या, ते चोच लावायचं नाही. थंडी अशी कडाक्याची की बाटलीतलं पाणी घडीभरात गार. मग आम्ही टोपलीशेजारी कंदील ठेवायला लागलो, काचेला काळा कागद लावून. ऊब चांगली मिळायची.

एका रात्री, पांडेजी ड्यूटीवरून आल्यावर, भोंगा वाजला. तालीम नाही, खरा आहे म्हणे. शिट्या, पळापळ, आणि आमच्या दारावर काठी. "भाभीजी, रसोई से रोशनी आ रही है!" पांडेजींचाच आवाज. कागद कुठेतरी फाटला असणार. सासूबाईंनी कंदील विझवला. मी म्हटलं, "आई, ते मरेल हो." त्या म्हणाल्या, "झोप तू." मी अंधारात बसून राहिले. पिल्लाची चिवचिव आधी बारीक झाली, मग मला ऐकू येईनाशी झाली.

सकाळी टोपलीकडे बघायची हिंमत झाली नाही. तशीच दवाखान्यात गेले. सुई कधी टोचली कळलं नाही. परत आले ती सरळ कोपऱ्यात. आणि पिल्लू उभं! पिवळ्या हळदीची पट्टी बांधलेलं, टकटक कण्या टिपतंय! मी यांच्या आईला मिठीच मारली. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या, पिठल्यासोबत. पांडेजींना ओरडून सांगितलं, "देखिए, जी गया!" ते दारातून वाकून बघून गेले.

मग रोज पिल्लू वाढायला लागलं आणि मला जेवण जायला लागलं. लढाई संपली. लाइनीत पेढे वाटले, खिडक्यांचे काळे कागद निघाले, रेडिओ रात्रभर चालू. माझी इंजेक्शनं अजून बाकी होती, पण मला तितकीशी धास्ती राहिली नव्हती.

पट्टी

शेवटचं इंजेक्शन झालं. हाताची जखम भरली होती, डॉक्टर म्हणाले, आता पिल्लाला हात लावायला हरकत नाही. घरी आले तर सासूबाई बेबीला घेऊन समोरच्या उन्हात. मी मागच्या पायरीवर बसले, पिल्लू मांडीवर घेतलं. हातात किती उबदार लागलं! म्हटलं, बघू तरी जखम कशी भरली. चिंधी सोडली. हळद पुसली.

पिसं सलग होती. खाली कातडी साफ. मी पिसं फुंकून बघितली, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. पंखाखाली बघितलं. खूण नाही, खपली नाही, काहीच नाही. या पिल्लाला कधी कोणी चावलंच नव्हतं.

 सासूबाई बेबीला कडेवर घेऊन मागून आल्या आणि माझ्या हातातली चिंधी बघून थांबल्या.

"आई, हे ते नाही."

"नाही."

"ते कुठाय?"

"गेलं ते. कंदील विझवला ना, त्याच रातीले. तू दवाखान्यात गेली तं मी पेरूखाली गाडलं अन् कोंबडीजवळचं दुसरं उचललं."

"काहून पण?"

"काहून म्हंते!" त्यांचा आवाज चढला. "तू खाऊन नव्हती राहिली. त्या टोपलीकडे पाहून पाहून वाळून चालली होती. मी काय करू? मले काय तुयी सुई टोचून घेता येते?"

मी पिल्लू खाली सोडलं. ते तुरुतुरु पळालं. मला राग आला, रडू आलं, सगळं एकदम. इतके दिवस मी ज्याच्या जिवावर जेवले, झोपले, ते पेरूच्या झाडाखाली होतं. आणि सासूबाईंना ते पहिल्यापासून माहीत होतं. रोज माझ्यापुढे पेला ठेवताना माहीत होतं.

"म्हणजे मी वाचीन की नाही, काहीच माहीत नाही," मी म्हटलं.

"नाही माहीत." त्या माझ्याकडे बघत होत्या. "पांडेजीले बी पिल्लाचं सांगितलं होतं मी. तो रोज विचारते, भाभीजी हँसी क्या आज? सकाळी तू उठायच्या आधी मी येऊन पाहते, श्वास चालू आहे का. रोज पाहते."

बेबीनं मला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. ती रोजच करायची आणि रोज सासूबाई तिला घेऊन वळायच्या. मी मान खाली घातली, मला ते वळणं बघायचं नव्हतं. तेवढ्यात मांडीवर ओझं आलं. त्यांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं होतं. त्यांनी आपले हात लवकर काढलेही नाहीत.

"घे. पाज."

"आई, भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना वं. लई वाटते. घे."

दूध आटत आलं होतं. बेबी आधी चिडली, मग लागली.  सासूबाई आतून सुपात तांदूळ घेऊन आल्या आणि पायरीवर, माझ्याकडे पाठ करून, निवडत बसल्या.